स्टेपनीत हवा

घरात धाकट्या बहिणीला सगळे स्टेपनी म्हणत. कोणी आजारी पडलं, कोणाला वेळ नसला की लावा तिला. नाव दादाने ठेवलेलं. स्वतःच्याच विनोदावर तो अजूनही पोट धरून हसायचा. आज धाकटीला सोबत घेऊन आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नेताना वाटेत त्याची गाडी पंक्चर झाली. दादाने मोठ्या ऐटीत डिकीतली स्टेपनी काढून चाक बदललं, जॅक उतरवला, तशी स्टेपनीही फतकल मारून बसली. त्याने तिला लाथ घातली. “ऐन वेळी दगा देते.” “हिच्यात हवा कधी भरली होतीस?” धाकटीने विचारलं. “स्टेपनीत कोण हवा भरतं?” याच अकलेवर घरात त्याचा शब्द शेवटचा असायचा. धाकटीने टॅक्सी थांबवली, आईला आत बसवलं. दादा हात झटकत पुढचं दार उघडू लागला. “तू थांब,” ती म्हणाली. “स्टेपनी सांभाळ. तुझ्याकडे आता तेवढी एकच उरलीय.”