कानसेन

“सापडल्या!” दंतवैद्याने माळ्यावरून काढलेलं बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. आत अकरा कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईत, मुंग्यांची रांग लागावी तशा अक्षरात लिहिलं होतं : जॅझ, निवडक. खाली आकडा.

अक्षर कानसेनचं होतं. हे नाव त्याला मित्रांनीच दिलेलं, आणि त्यानेही ते कधी नाकारलं नव्हतं. त्याने एक कॅसेट उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

“चार नंबर,” तो म्हणाला. “ह्यात तो सॅक्सोफोन आहे. एका खलाशाकडे होती ती रेकॉर्ड. बंदरावर तीन दिवस खेटे घातले मी. हातात आली, तर घरी जाईपर्यंत दम निघेना. भर रस्त्यात उन्हात तिरपी धरून नुसत्या तिच्या रेघा बघत होतो. लोक म्हणाले, वेडा आहे.”

“आणि आम्हाला मात्र कॅसेटवर भागवलंस,” शिंपी म्हणाला.

कानसेन त्याच्या तोंडाकडे बघत होता. “मग? रेकॉर्डला हात लावू देऊ तुला? तिथं सुई टेकवायची असते, बटण नाही लावायचं.”

रविवारची सकाळ होती. तिघे म्हातारे मित्र होते, आणि कानसेनची बायको. ती भिंतीजवळच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसली होती. हल्ली ती त्याला एकटं कुठे सोडत नसे.

दंतवैद्याने चार नंबरची कॅसेट घातली, बटण दाबलं. आधी खरखर झाली. कानसेनने हात वर केला : कुणी बोलायचं नाही. मग एका लहान मुलीचा खणखणीत आवाज आला.

“सात एके सात. सात दुणे चौदा.”

दंतवैद्य दचकला. ही त्याची मुलगी होती, दुसरी-तिसरीतली. हाताला लागेल ती कॅसेट घेऊन तिने पाढे भरून ठेवले असणार. आता ती दोन मुलांची आई होती. “अरेच्चा, हे तर...” म्हणत तो बंद करायला वाकला.

“वा!” कानसेन म्हणाला.

त्याची नजर टेपवरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर होती. प्रत्येक आकड्याला काटा उसळत होता, आणि प्रत्येक उसळीला कानसेनची मान डोलत होती.

“सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस.”

“काय फुंकतोय बघा. ओठांनी नाही, पोटातून!”

शिंप्याने दंतवैद्याकडे पाहिलं. दंतवैद्याने कानसेनच्या बायकोकडे. तिने मान खाली घालून पर्सची चेन उघडली, मिटली. तेव्हा दोघांना कळलं. इतके दिवस कळलं नव्हतं, कारण कानसेन पूर्वीही कुणाचं ऐकून घेणारा नव्हताच. तोंडाकडे बघायचा, निम्मं ओळखायचा, बाकीचं स्वतःच बोलायचा.

दंतवैद्याचं बोट अजून बटणावर होतं. दाबलं असतं तर तिथंच मिटलं असतं. टेप खराब झालीय, एवढं म्हटलं की झालं.

“हात काढ तिथला,” कानसेन म्हणाला. “आयुष्य गेलं, तरी तुला ऐकता येत नाही. देवाने कान दिलेत ते नुसते चष्मा अडकवायला.”

दंतवैद्याने हात काढला. सावकाश खुर्चीत बसला. मग कानसेनला दिसेल असं तोंड करून त्याने विचारलं, “मागे ड्रम कोण बडवतोय रे?”

“बडवतोय? अरे, ब्रश आहेत ते. झांजेवरून तारांचे ब्रश फिरवतोय. ऐक ना नीट.”

“ऐकतोय.”

शिंप्याने रुमाल तोंडात कोंबला.

“सात पाचा पस्तीस. सात सक बेचाळीस. सात साती... सात साती...” मुलगी अडली. काटा पडला तो उठेना.

कानसेनचे दोन्ही हात हवेत थांबले. “ही जागा!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “थांबलाय, बघा. वाजवणारे पैशाला पासरी मिळतात. थांबणारा एखादाच. ही शांतता ज्याला ऐकू आली ना...”

शिंप्याला आवरलं नाही. तो फुटला, आणि त्याच्यामागे दंतवैद्यही. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघे हसले. कानसेन एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसायला लागला, मांडीवर थापा मारत, सगळ्यांत मोठ्याने.

“पोचलं! अखेर पोचलं तुमच्यापर्यंत! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही असंच हसू फुटलं होतं. लाव, परत लाव.”

शिंप्याने डोळे पुसले. “बास रे आता,” तो हळूच म्हणाला.

दंतवैद्य कानसेनच्या बायकोकडे वळला. “वहिनी?”

“मला काय विचारता?” ती म्हणाली. “अडतीस वर्षं ह्यांच्या रेकॉर्डच्या कपाटावरची धूळ पुसली मी. दार उघडलं की म्हणायचे, लांब हो, तुला काय कळतंय त्यातलं.” आवाज तिने जराही खाली आणला नव्हता. त्याची गरज नव्हती.

“काय म्हणतेय ही?” कानसेनने विचारलं.

तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “लावा, म्हणतेय. परत लावा.”

दंतवैद्याने टेप मागे फिरवली. तिने पर्स खाली ठेवली, उठून खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि नीट सावरून बसली.