पाचवी खुर्ची

तपासनिसानं झाडाला गुलाबी फीत बांधली, तेव्हा अर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. पंपघरामागचं संत्र्याचं वाकडं झाड. फीत बांधली की पंधरवड्यात यंत्र येतं आणि कीड लागलेलं झाड मुळासकट उपटून नेतं. ते थांबवायचा अधिकार फक्त कीड नियंत्रण मंडळाला.

पाच जणांच्या मंडळातला म्हातारा फ्रीसन गेल्याच आठवड्यात वारला होता. मुदत चार वर्षांची, पण मेल्याशिवाय खुर्ची रिकामी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अर्लीननं त्याच दुपारी काउंटीकडे, म्हणजे जिल्हा कचेरीत, अर्ज टाकला.

"हद्दीत जमीन आहे?" नेमणूक करणाऱ्या सुपरवायझरनं विचारलं.

"चाळीस एकर. सगळी संत्रीच."

"मग ही बिनपगारी कटकट कशाला गळ्यात घेताय, बाई?"

"नवरा, फ्रँक, ॲरिझोनाला निघून गेला. बागेशिवाय आहे काय मला?"

तो बिचारा ओशाळला. दुसरा अर्जच नव्हता. तीन मिनिटांत ठराव झाला.

त्या गावातून माणसं निघून जायचीच फार. फ्रीसनच्या दोन्ही बायका एकीमागून एक ओरेगनला गेल्या, मंडळाचा अध्यक्ष डेल्बर्ट, त्याचा भाऊ अलास्काला. कुणाचं साधं पत्र आलं नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या भागातला उन्हाळाच असा, की जो राहील तोच खुळा म्हणायचा.

सोमवारी सकाळी फळं भरायच्या शेडमध्ये अर्लीननं हात वर करून शपथ घेतली. डेल्बर्ट फीत बांधलेल्या झाडांची यादी वाचू लागला. "उपटा. उपटा. हेही उपटा." मग त्याच सुरात, "माझ्या कोठारामागचं. पुढे ढकला." हात वर झाले. "ओडेटच्या विहिरीजवळचं. पुढे ढकला." पुन्हा हात वर. चौघा जुन्या सभासदांचं एकेक झाड होतं, आणि कित्येक वर्षं पुढेच ढकललं जात होतं.

अर्लीनचा जीव भांड्यात पडला. "माझंही एक आहे," ती म्हणाली. "पंपघरामागचं. फ्रँक गेला, त्या वर्षी लावलेलं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"पुढे ढकला," डेल्बर्ट म्हणाला. तिचे डोळे भरून आले.

"फ्रीसनचं राहिलं," ओडेट हळूच म्हणाली.

"सभासद गेला, सवलत गेली. गुरुवारी यंत्र येईल तिथं." डेल्बर्टनं कोपऱ्यातलं फावडं उचलून अर्लीनसमोर टेबलावर ठेवलं. "त्याआधी खणून घे. हे काम नव्या सभासदाचं. रीतच आहे आमची."

"यंत्र येणारच आहे, तर मी कशाला खणू?"

डेल्बर्टनं तिच्या हातांकडे पाहिलं.

"अगं, तुझ्याकडे एकटा फ्रँकच आहे," तो समजुतीनं म्हणाला. "फ्रीसनच्या झाडाखाली दोघी आहेत."