पाचवा कप

आमच्या कॉफीला शंभरपैकी पंच्याऐंशी गुण मिळाले, तरच यंदाचं सगळं पीक चांगल्या भावाने जाणार होतं. डोंगर चढून एकटेच आलेल्या परीक्षकांसमोर मी पाच कप मांडले, प्रत्येकात मोजून सव्वाआठ ग्रॅम पूड. ते चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायचे, जिभेवर घोळवायचे आणि भांड्यात थुंकायचे. चव तपासायची रीतच ती, पण आईला हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

चौथ्या कपानंतर ते चूळ भरायला अंगणात गेले.

"थुंकून भागलं नाही, आता चूळही भरतोय मेला!" आई दाराआडून पुटपुटली.

मी त्यांना पाणी देऊन परत येईपर्यंत तिने पाचव्या कपात दूध ओतून तीन चमचे साखर ढवळलीसुद्धा होती. परीक्षकांनी कपाचा बदललेला रंग पाहिला, चमचा बाजूला ठेवला, कपच तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.



"गुण पहिल्या चार कपांचेच धरतो, सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "पण काकू, हा अजून अर्धा कप मिळेल का?"