अजून ठरलं नाही

हिंगणघाटच्या पार्वताबाई निमजे रोज दिवेलागणीला अंगण झाडून बसत. थोड्या वेळानं तिथं प्रकाशाची प्रतिमा उभी राही. राष्ट्रपतिपदाचे उमेदवार विश्वास निमजे, म्हणजे बाईंचाच मुलगा. खरा विश्वास कित्येक वर्षांत इकडे फिरकला नव्हता.

राष्ट्रपती थेट जनतेनं निवडायचं ठरल्यापासून उमेदवारांच्या प्रतिमा घरोघरी जात आणि घर बघून बोलत. विश्वासच्या प्रतिमेनं नदीकाठच्या घरांत धरण होणार नाही म्हणून सांगितलं होतं, माळावरच्या घरांत होणार म्हणून. गरिबीतलं बालपण दोन्हीकडे सारखंच होतं.

“आमच्याकडे यायचा बंद झाला तुमचा विश्वास,” शेजारच्या शकूबाई म्हणाल्या. “मत तुलाच, असं बोलून बसले ना मी. ठरलेल्या घरी कशाला येतोय?”

पार्वताबाईंनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

प्रतिमा आली. “माय, तुझ्या हातची अंबाडीची भाजी अजून आठवते.”

आपल्याला आवडतं म्हणून बोलतोय, हे कळत असूनही बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“मग मत मलाच ना, माय?”

“अजून ठरलं नाही रे,” त्या म्हणाल्या. “शेतीचं समजलं. तुझं परराष्ट्र धोरण काही कळलं नाही. उद्या येऊन नीट सांग.”