कार्डाची पाठ

रोंडाने पिशवीतून कार्ड काढून टेबलावर उलटं ठेवलं, तेव्हाच मर्ल योडरला कळलं की हे नेहमीचं गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक कार्ड सुलटं ठेवतं. खेळाडूचा चेहरा, शाबूत कोपरे, न उडालेला रंग, हे आधी दाखवतं.

"अशी आहेत तुमच्याकडे?" तिने विचारलं. "मागे पेन्सिलीनं लिहिलेली. पुढून कशी का असेनात."

शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये खेळाडूंच्या जुन्या छापील कार्डांचा शनिवारचा बाजार भरला होता. शेजारच्या टेबलावर वेन पावाबाहेर लोंबणारा तळलेला कटलेट खात होता. तो हसला. म्हणाला, मर्लकडे लिहिलेलं कार्ड कुठलं मिळायला, त्याच्या हाताखालून गेलं की म्हातारं कार्डसुद्धा लग्नाला उभं राहतं.

एरवी मर्ल या चेष्टेवर खूश व्हायचा. आज तो समोरच्या कार्डाच्या पाठीकडे बघत राहिला. करडा पुठ्ठा, छापील आकड्यांची रांग, आणि तिच्याखाली डावीकडे कललेलं पोराचं अक्षर: 'बाबा. चेंडू यांच्या हातात गेला की पुन्हा कुणाला दिसत नाही.'

रोंडाने थोडक्यात सांगितलं. हे अक्षर तिच्या भावाचं, कर्टिसचं. लहानपणी तो एकेका खेळाडूला घरातलं एकेक माणूस नेमून द्यायचा आणि मागे लिहून ठेवायचा. पुढे आईने कार्डं चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकली. या मार्चमध्ये, जाण्याच्या अगदी आधी, दवाखान्यात तो तिला म्हणाला की एका कार्डावर तूही आहेस. काय लिहिलंय ते काही केल्या सांगेना. शोध म्हणाला, आणि हसला. तेव्हापासून ती बाजार पालथे घालत होती. बाबा सापडले, मावशी सापडली, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा सापडला.

"सगळ्यांत चांगला पास कुत्राच देतो, असं लिहिलंय," ती म्हणाली.

मर्लने चर्च कुठलं ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग टेबलाखालून एक लांबट खोका वर घेतला. आत सत्तरच्या दशकातली कार्डं, पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत एकामागे एक उभी. पाठी लख्ख.

हा खोका त्याने त्याच विक्रीतून घेतला होता. हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून, मऊ खोडरबराने, पुठ्ठ्याचा तंतूसुद्धा उचलू न देता त्याने एकेक पाठ साफ केली होती. बायको म्हणायची, स्वतःच्या पोरांना कधी एवढ्या हळुवारपणे आंघोळ नाही घातलीस.

"पुसण्याआधी वाचलं नाहीत का हो?" त्याने हे सांगितल्यावर रोंडाने विचारलं.

"लिहिलेलं कोण वाचतंय, बाई. आम्ही त्याला मळ म्हणतो."

तिला राग आला असता तर मर्लला बरं वाटलं असतं. पण तिने विचारून एक कार्ड पाकिटातून काढलं, कडेने धरलं आणि उंच खिडकीच्या उजेडात तिरपं केलं. कर्टिस पेन्सिल फार दाबायचा, ती म्हणाली, रोज टोक मोडायचं आणि रोज बोलणी खायचा. पुसलं गेलं ते शिसं. दाबलेलं कुठे जाईल?

मर्ल टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला.

दोघं डोक्याला डोकं लावून एकेक कार्ड कलतं करू लागले. काही मुकीच राहिली. एकावर 'आजी' एवढंच लागलं. एक माणूस कुठल्याशा नामांकित खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड मागायला आला. मर्लने मान वर न करता त्याला वेनकडे पिटाळलं. वेनचा घास घशातच राहिला.

मग एक कार्ड आलं. खेळाडू कुणाला फारसा आठवणार नाही असा. वर्षभर बाकावरच बसलेला, आकड्यांची रांगही तोकडी. खाली उजेडात एक 'रो' उठला. पुढचं काही केल्या लागेना.

मर्लने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि थांबला.

"एकदा शिसं फिरवलं की हे पुन्हा साफ व्हायचं नाही," तो म्हणाला. "मी तरी करणार नाही."

तिने होकाराची मान हलवली. त्याने पेन्सिल आडवी धरली आणि जेवढ्या हलक्या हाताने ती पाठ पुसली होती, तेवढ्याच हलक्या हाताने तो तिच्यावर शिसं पसरायला लागला. करडं गडद होत गेलं. दाबलेल्या खाचांत शिसं उतरलं नाही. अक्षरं फिकी, कललेली, एकेक करून वर आली: 'रोंडा. हिला अजून कुणी खेळायला घेत नाही.'

रोंडा हसली. खरंच घ्यायचे नाहीत, म्हणाली.

खाली आणखी एक ओळ सुरू होत होती. मर्लचा हात तिथे थांबला. त्याने पेन्सिल तिच्या बोटांत दिली, मान लांब करून बघणाऱ्या वेनला हाताने मागे सारलं, आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

तिने एकटीने ती ओळ काढली.

'पण कोण कुठे उभं आहे, ते हिलाच विचारा.'

तिने पेन्सिल खाली ठेवली. कडेला जिथे एरवी राखीव खेळाडू बसतात, तिथे आता टेबलांची रांग होती. दाराशी एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन आत काय काय आहे ते दाखवत होता. दोन म्हातारे एकच कार्ड एकमेकांच्या हातातून परत परत घेत होते. मर्ल अजून वळला नव्हता. रोंडा कितीतरी वेळ एकेकाकडे बघत राहिली.