छातीतला आवाज

एर्साच्या छातीत कसलासा आवाज येतो म्हणून झमिरा दर महिन्याला लेकीला घेऊन राजधानीला, तिरानाला जायची. नवरा ग्रीसमध्ये कामाला होता, आणि एरवी सासू तिला डोंगरातल्या त्या घराच्या फाटकाबाहेर एकटीला पाऊल टाकू द्यायची नाही. दवाखाना आटोपला की मायलेकी बागेत चीज भरलेला खुसखुशीत बुरेक खायच्या, झमिरा सावकाश कॉफी प्यायची. तेवढा तासभर तिला कुणी हाक मारायचं नाही.

आज इको करून डॉक्टरीणबाई हसल्या. "हृदय ठणठणीत आहे हिचं. रक्त वाहताना काही मुलांच्या छातीत असा आवाज येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. खुशाल पळू दे. आता इथे यायचं कारण नाही."

"म्हणजे मी शाळेच्या शर्यतीत पळू?" आठ वर्षांची एर्सा खुर्चीतून उडालीच.

परतीच्या गाडीत तिची बडबड थांबेना. झमिरानेही देवाचे आभार मानले, लेकीचे पटापट मुके घेतले. पण गाडी घाट चढू लागली तसं तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि गुपचूप डोळे पुसले. एर्सा कधी गप्प झाली, ते तिला कळलंच नाही.

सासू फाटकातच उभी होती. "काय गं, काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

खरं ते सांगायला झमिराने तोंड उघडलं, पण त्याआधी एर्साच बोलली.


"अजिबात पळायचं नाही म्हणाल्या, आजी. आणि पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."