सहा कार्नेशन

“बूट काढा आणि पाय वर घ्या खुशाल. आम्हीही काढलेत,” समोरची म्हातारी म्हणाली.

यार्मिलाने बूट काढले. पोर्तुगालहून निघाल्यापासून ती आगगाड्याच बदलत होती. विमानाचा तिने धसकाच घेतला होता. पाय सुजले होते, डोळे चुरचुरत होते. प्रागमध्ये प्रवासातली शेवटची गाडी धरण्याआधी तिने स्टेशनवर गुलाबी कार्नेशनची फुलं घेतली होती. “सहाच ना?” फुलवालीने विचारलं होतं. “सहाच.” सुट्टे परत देताना त्या बाईने यार्मिलाचा हात क्षणभर दाबला होता.

“मी ब्लाझेना. हा माझा नवरा, ओल्द्रिख. ऐकू कमी येतं, खायला मात्र बरोबर येतं.”

“ऐकलं मी,” ओल्द्रिख म्हणाला. त्याने गुडघ्यावरचा रुमाल सोडला. ब्रेडमध्ये तळलेल्या मांसाचे तुकडे, वर काकडीचं लोणचं. पूर्वी कोणी शिदोरी उघडली की गाडीच्या सगळ्या डब्यात हा वास भरायचा, आणि कोणी एकट्याने खात नसे. यार्मिला नको म्हणेपर्यंत ब्रेड तिच्या हातात आला होता.

“एकट्याच? कुठे निघालात?”

“प्रेरोवला. आईकडे.”

“किती वर्षांनी?”

“अकरा. पोर्तुगालला असते मी.”

“अकरा!” ब्लाझेनाने हात जोडले. “ऐकलंस का रे? अकरा वर्षांनी आईकडे चाललीय. आईचं वय काय?”

“एक्क्याऐंशी.”

तेवढ्यात गाडी शेतातच थांबली. रुळांवर हरणं आली होती म्हणे. यार्मिला उठून खिडकीशी गेली, बसली, पुन्हा उठली.

“दोन वाजता सगळे जमणार आहेत,” ती म्हणाली. “भावाने बजावलंय, उशीर करू नकोस, तुझ्यासाठी थांबता येणार नाही.”

“भाऊ असेच असतात. जेवण गार होईल म्हणून ओरडत असेल. आई थांबेल की! आईने कधी घाई केलीय?”

“हो,” यार्मिला म्हणाली. “आई थांबेल.”

गाडी हलली. ब्लाझेना आता फुलांकडे बघत होती. ओठ हलत होते. एकाएकी तिने कपाळावर हात मारला.

“सहा? अगं बाई! आईला सहा फुलं नेताय?”

“काय झालं?” ओल्द्रिखने विचारलं.

“सहा आणलीत हिने! सम फुलं जिवंत माणसाच्या हातात देतात का कधी? म्हातारी दारातच चक्कर येऊन पडेल. परदेशात राहून विसरलात सगळं. आणि त्या फुलवालीला तरी सांगायला नको?”

यार्मिलाने तोंड उघडलं. पण म्हातारीचा चेहरा असा उजळला होता, जणू तिने कुणाला गाडीखालून ओढून काढलं होतं. यार्मिलाने तोंड मिटलं.

“विसरलेच,” ती म्हणाली.

ब्लाझेनाने हलक्या हाताने एक फूल काढलं आणि नवऱ्याच्या कोटाच्या काजात खोवलं. “घे. लग्नात तरी लावलं होतंस का?”

“लग्नात पाऊस होता,” ओल्द्रिख म्हणाला.

यार्मिला हसली. प्रवासात पहिल्यांदाच. मग ब्लाझेनाने पिशवीतून कंगवा काढला. “इकडे ये, पोरी. अशा अवतारात आईपुढे जाणार? म्हणेल, माझ्या लेकीचं काय करून ठेवलं त्या लोकांनी.” ती केस विंचरत राहिली, आणि आई कशी आहे, काय करते, विचारत राहिली. यार्मिला डोळे मिटून सांगत होती. आई बागेतल्या आलुबुखारांचा मुरंबा करते. भांडं खरवडायला लेकीसाठीच ठेवते. रेडिओशी भांडते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते.

“माझ्यासारखीच की,” ब्लाझेना म्हणाली.

प्रेरोव आलं तेव्हा दीड वाजून गेला होता. ओल्द्रिखने बॅग उतरवून दिली. ब्लाझेना खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

“आईला आमचा नमस्कार सांग! घट्ट मिठी मार!”

“सांगते,” यार्मिला म्हणाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत उभी राहिली. ओल्द्रिखच्या कोटावरचं गुलाबी फूल बराच वेळ दिसत होतं.

मग ती भराभर स्टेशनबाहेर आली. चौकात फुलांची टपरी होती.

“एक कार्नेशन द्या. गुलाबी.”

“एकच?” टपरीवरच्या मुलीने हसून विचारलं. “कोणासाठी?”

“आईसाठी,” यार्मिला म्हणाली आणि हातातली पाच फुलं पुढे केली. “यात घाला. सहा हवीत.”